सत्तेचाळीस नंबरचं कार्ड

प्रिय धाकटे,

सख्ख्या बापाने घराबाहेर काढलेल्या मुली आपण दोघी, आणि हे पत्र मी त्या मुलींपैकी एकीला लिहिते आहे. बहिणीला लिहायचं असतं तर आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली असती. ती करत नाही. गुडघे दुखायला निदान पाय शाबूत असावे लागतात.

तुझी लेक येत्या गुरुवारी इस्पितळातून सुटणार. कुठे जाणार, हे आज कुणालाच माहीत नाही. तू एकदा येऊन गेलीस म्हणे, दारापाशी उभी राहिलीस आणि ती झोपली आहे असं समजून परत गेलीस. ती झोपली नव्हती. मी शेजारीच बसले होते. तुझ्या चपलांचा आवाज ओळखून तिने डोळे मिटले, तसे ती मला पाहूनही मिटते. नर्सने नातेवाइकांच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, कुणी नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी असताना सांगितलं. उजवा पाय घोट्याच्या वर कापला आहे. लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून आपण तिला भिंगरी म्हणायचो. आता ते नाव तोंडातून काढू नकोस. मी काल काढलं, आणि तिने चादर डोक्यावर ओढून घेतली.

तुला आठवतं का, बाबांनी आपल्याला काढलं तेव्हा तू बारावीत होतीस आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. नव्या आईला मी उलट बोलले एवढंच कारण. दोन पिशव्या जिन्यात आल्या आणि आतून कडी लागली. कडीच्या पलीकडून ते तिला समजावत होते ते आपण दोघींनी ऐकलं, "दोन दिवस बाहेर राहू देत, अक्कल येईल." दोन दिवसांचे चौदा महिने झाले. रात्री निजायला शाळेच्या खेळाच्या सामानाची ती खोली, चेंडूंच्या रबराचा वास, दिवसभर वाचनालय. तिथे पंखा होता, संडास होता आणि हाकलणारं कुणी नव्हतं, म्हणून मी कपाटंच्या कपाटं वाचून काढली. तू म्हणायचीस, ताईला घर मिळेपर्यंत ती ग्रंथपाल होऊन निवृत्तही होईल. आपण इतक्या हसायचो की शिपाई दटावायचा. पुढे लोक मला विचारायचे, एवढं वाचन केव्हा केलंत? मी तो किस्सा व्यासपीठावरून सांगायचे, आणि सभागृह आधी हसायचं, मग रडायचं.

इथेच आपलं चुकलं. आपल्याला कुत्र्यासारखं बाहेर टाकलं, आणि त्याचं आपण पदक करून छातीवर लावलं. तू तुझ्या घरात सांगत राहिलीस की आम्ही रस्त्यावर राहून माणसं झालो. मी सभांमधून सांगत राहिले की पोळल्याशिवाय माणूस पक्का होत नाही. बाबांना आपण माफ केलं नाही, पण त्यांची रीत दोघींनी जपून ठेवली. आपल्या जिवावर बेतलं होतं, हे आपण विसरलो. तापाने फणफणलेली तू त्या खोलीत चार दिवस पडून होतीस आणि मी तुझ्या नाकाशी हात धरून बसायचे, हे मी एकाही भाषणात सांगितलेलं नाही.

त्या शुक्रवारी तुझी लेक माझ्या कचेरीत आली. घरी आली नाही, कचेरीत आली, रांगेत उभी राहिली. अठरा पूर्ण होऊन पाच आठवडे झालेले, म्हणजे कायद्याने तुझ्यावर कसलीच सक्ती नाही, हे तू बरोबर मोजलं होतंस. तू लावून दिलेला अभ्यासक्रम तिने सोडला, बेकरीत काम धरलं, आणि भांडणात तुला म्हणाली की तू आजोबांसारखी आहेस. तू तिची पिशवी जिन्यात टाकलीस. एकदम खरं बोलली म्हणून टाकलीस.

माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. एकीत पुस्तकं आहेत, दुसरीत मला मिळालेली मानपत्रं. मी तिला घरी चल म्हटलं नाही. माझ्या भाचीला वेगळा न्याय नाही, सगळ्यांची पोरं जशी येतात तशीच ही, असं मी कारकुनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले आणि तिचं कार्ड भरायला घेतलं. ती ताठ बसली होती. मला वाटलं तिला माझा अभिमान वाटतो आहे.

आमचं काम कसं चालतं ते तुला कधी सांगितलं नाही, तूही कधी विचारलं नाहीस. घर सुटलेल्या पोरांसाठी शहरात बरंच काही असतं. कुठे वसतिगृहात पलंग, कुठे दवाखान्यात औषध, कुठे कामाचा वर्ग. फक्त एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. आम्ही ते जोडतो. प्रत्येक पोराचं एक कार्ड भिंतीवरच्या फळ्यावर लागतं. त्यावर नाव नाही, नुसता नंबर, पोरांची बदनामी नको म्हणून. एखाद्या ठिकाणाने जागा देऊ केली की कारकून कार्डावर हिरवी टिकली चिकटवतो आणि पत्त्याची चिठ्ठी, ज्याने कार्ड भरलं त्याच्याकडे देतो. ती चिठ्ठी पोराच्या हातात द्यायची, हे कार्ड भरणाऱ्याचं काम. जागा मिळूनही पोर आठवड्याभरात पोचलं नाही तर लाल टिकली. लाल लागली की वर्षभर यादीतून नाव बाद. हा नियम माझा. एका पोराच्या नखऱ्यासाठी दुसऱ्याचा पलंग रिकामा राहता कामा नये, असं मी सभेत गरजले होते आणि एकमताने मंजूर करून घेतला होता.

तिचा नंबर सत्तेचाळीस. कार्डावर नाव नसलं तरी अक्षर माझं होतं, आणि माझं अक्षर सगळे ओळखतात. ताईंनी स्वतः भरलेलं कार्ड म्हटल्यावर अर्ध्या तासात तीन ठिकाणांनी जागा दिली. एक कामकरी मुलींचं वसतिगृह, एक दवाखान्यामागची विसाव्याची खोली, आणि एका निवृत्त शिक्षिकेच्या घरची वरची खोली. बाकीच्या पोरांना एक टिकली मिळवायला पंधरा दिवस लागतात. हिला तीन मिळाल्या. भाचीला वेगळा न्याय नव्हता ना.

पण चिठ्ठ्या माझ्या हातात येण्याआधी मी तुला फोन केला होता. तू काय म्हणालीस ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "दोन दिवस बाहेर राहू दे, अक्कल येईल." तोच आवाज, तीच कडी. मी तेव्हाच फोन आपटायला हवा होता. मी म्हणाले, बरोबर आहे. मी म्हणाले, पत्ता हातात पडला तर ती तिथेच रुळेल, घर विसरेल, मी चिठ्ठ्या सोमवारपर्यंत दाबून ठेवते. तू हसलीस. मीही हसले. मग चार वाजता कारकुनाने तिन्ही चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि मी त्या खणात सरकवल्या. ती दाराबाहेर बाकावर होती. मी तिला सांगितलं, अजून काही जमलेलं नाही, सोमवारी ये. ती म्हणाली, "मावशी, तोपर्यंत कुठे जाऊ?"

मी म्हणाले, "घर आहे ना तुला."

सोमवारी ती आली. मी नव्हते. मी एका मोठ्या सभागृहात बोलत होते, विषय तूच ओळख. त्या दिवशी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. इकडे ती फळ्याखालच्या बाकावर अडीच तास बसली. कारकुनाला ती कोण ते आठवत होतं, पण तिचा नंबर माझ्याच टेबलावरच्या कागदात, आणि तीन हिरव्या मिळालेली मुलगी केव्हाच जागेवर पोचली असणार असं त्याने धरलं होतं. तिने त्याला टिकल्यांचा अर्थ विचारला. तो बिचारा भाबडा, कौतुकाने सांगायला लागला, ते बघा सत्तेचाळीस नंबर, तीन हिरव्या, असं आमच्याकडे कधी होत नाही. ती स्वतःच्याच कार्डाकडे बघून म्हणाली, "असतं एखाद्याचं नशीब." पाणी प्यायली आणि गेली. हे तो मला सांगताना इतका रडला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

पुढचं तू आणि मी मिळून केलं. मला वाटलं ती नाक घासत तुझ्याकडे परतली. तुला वाटलं ताई विरघळली आणि ठेवून घेतलं. फोन करायला दोघींना कमीपणा वाटला. तिन्ही ठिकाणांनीही असंच धरून चाललं की मुलगी दुसरीकडे गेली असेल. त्या शिक्षिकाबाईंनी मात्र नवी चादर घालून तीन दिवस दार नुसतं लोटून ठेवलं होतं. आमच्याच फळ्यावर तीन दारं तिच्यासाठी उघडी दिसत होती, आणि ती बाजाराच्या माल उतरवायच्या शेडमध्ये पोत्यांवर निजत होती.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. आठवडा पुरा व्हायच्या आदल्या दिवशी, गुरुवारच्या बैठकीत, कारकुनाने सत्तेचाळीसवर लाल टिकली लावायची परवानगी मागितली. तिन्ही ठिकाणांहून मुलगी आली नाही असा निरोप होता. सगळे माझ्याकडे बघत होते. चिठ्ठ्या माझ्या खणात, म्हणजे बैठकीच्या टेबलापासून सहा पावलांवर होत्या. मी उठले असते तर विचारलं असतं, ताई, चिठ्ठ्या अजून तुमच्याकडेच कशा? मी मान हलवली. त्याने टिकली लावली आणि आम्ही पुढच्या कार्डाकडे वळलो. शनिवारी पहाटे भाजीचा ट्रक मागे येताना पोत्यांवर चढला. ड्रायव्हरला वाटलं नुसती पोतीच आहेत.

मागच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुझ्यासाठी शब्द मऊ केले नाहीत, माझ्यासाठीही नाही. काय झालं असेल सांग. टाळ्या पडल्या. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. अध्यक्ष म्हणाले, केवढं मन आहे ताईंचं, भाचीचा दोष स्वतःवर घेतायत. मी ओरडून सांगितलं की हे खरं आहे, तर म्हणाले, बसा, तुम्ही दमला आहात. तीस वर्षं मी या लोकांना माझ्या आवाजावर डोलायला शिकवलं, आता त्यांना माझ्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नाही. आणि चिठ्ठ्या? त्या दाखवल्या, तर म्हणाले, मुलीने घेतल्या नाहीत म्हणूनच तुमच्याकडे राहिल्या ना. शेवटी त्यांनी नियमांची वही काढली. कार्यकर्त्याने आपल्या नात्यातल्या माणसाच्या बाजूने दिलेला जबाब, प्रत्यक्ष ऐकलेला दुसरा साक्षीदार असल्याशिवाय धरू नये. तोही नियम माझाच. वशिलेबाजीविरुद्ध केलेला.

म्हणून हे पत्र. लाल टिकली कायम राहिली तर तुझी लेक गुरुवारी एका पायावर इस्पितळाच्या फाटकाबाहेर येईल आणि वर्षभर तिला वसतिगृहाची तळमजल्यावरची खोली नाही, कृत्रिम पाऊल बसवून देणारा दवाखाना नाही, बसून करायच्या कामाचा वर्ग नाही. सगळ्याला यादीतलं नाव लागतं. तुझ्याकडे ती येणार नाही, माझ्याकडे येणार नाही. दोन्ही गोष्टी तिने लिहून दिल्या आहेत, आणि तिचं बरोबर आहे. तुझी माया मला नको आहे, तिलाही नको. डबा नको, नवे कपडे नकोत, दारात उभं राहून डोळे पुसणं तर नकोच. मी त्या फोनवर काय म्हणाले हे जगात फक्त तू ऐकलं आहेस. बुधवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे ये. आधी तू काय म्हणालीस ते सांग, मग मी काय म्हणाले ते सांग, आणि आपण दोघी हसलो तेही सांग. रडू नकोस, रडलीस तर त्यांना तुझीही कीव येईल. शब्द न शब्द सांग आणि खाली सही कर.

तुझीच, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेली,
ताई