मालकांच्या कॉलेजला माझा देह

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, शरीरशास्त्राची पदवीधर, घरातली पहिलीच, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. हृदयाची झडप फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, याबद्दल आभार.

१. माझी सर्व पुस्तके धाकट्या बहिणीला. "पोरगी शिकून काय दिवे लावणार?" असे विचारणाऱ्या काकांना माझा अभ्यासाचा दिवा द्यावा.

२. पदवी मिळाली तेव्हा आमच्या जमिनीच्या मालकांनी सूक्ष्मदर्शक दिला. आईने तो कौतुकाने भांड्यांबरोबर राखेने घासला. तेव्हापासून त्यातून नुसते धुके दिसते. तो आईकडेच राहावा. हे कलम तिला वाचून दाखवू नये.

३. मालकांनी विद्यापीठाला वेधशाळा दिली, प्रयोगशाळा दिल्या, वैद्यकीय कॉलेजसाठी जमीन दिली. ती जमीन आम्ही कसत होतो. देताना त्यांनी आम्हाला विचारले नाही. पुढे बाबांना त्याच कॉलेजात नोकरी लागली आणि मला मालकांची शिष्यवृत्ती मिळाली. माझा राग गेलेला नाही, आणि उपकारही मी विसरलेले नाही.

४. माझा देह त्या कॉलेजच्या शवविच्छेदनगृहाला द्यावा. तिथे बेवारशांचे देह येतात. त्यांच्यावरच मी शिकले. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. माझी मात्र संमती आहे.

५. बाबा त्याच गृहात शिपाई आहेत. देह उतरवून घेणे, धुणे, टेबलावर ठेवणे हे त्यांचे काम. म्हणून त्यांची आधी ग्रंथालयात बदली करावी, अशी अट मी घातली होती. मालकांनी तसा शब्दही दिला होता. मसुदा वाचून दाखवल्यावर बाबांनी विचारले,

"ग्रंथालयात मी काय करू? मला वाचता येतं का?"

"नुसतं बसून राहायचं, बाबा."

"आणि तुला कोण धुणार गं? तो नवा शिपाई? तो पाणी ओततो आणि मोकळा होतो."

"तुम्हाला जमणार नाही."

"नाहीच जमणार. पण तुला दुसऱ्याच्या हाती देणं त्याहून जमणार नाही."

सबब ही अट मी खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही व बाबांचा अंगठा आहे. त्या दिवशी टेबलाजवळ त्यांना कोणी घाई करू नये.

लिहून देणार: शिपायांची थोरली (सही)
साक्षीदार: शरीरशास्त्राच्या बाई (सही), स्वतः मालक (सही)
स्थळ: आमच्या घराची पुढची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, बाबांच्या सुट्टीचा दिवस