आज काय अडलंय?

सोमवार, ४ मार्च

निर्णय माझ्यावर सोपवण्यात आला आहे! कार्यालयातील कामांचा माग ठेवण्यासाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर निवडायचे. तीन समोर आहेत, तिन्हींची चाचणी मोफत. महिनाअखेरीस एक ठरवावे. आम्ही इस्पितळांचे दिशादर्शक फलक तयार करतो. कोणता बाण कोणी काढला, कोणी तपासला, कोणी बसवला, हे आजवर कोठे नोंदवण्याची गरजच पडली नाही. ते सारे आमच्या हिच्या डोक्यात असे. रोज सकाळी स्वयंपाकघरातील ओट्याशी उभी राहून ही एकेकाला फोन लावी. पहिला प्रश्न ठरलेला — "आज काय अडलंय?"

मी शेजारी वर्तमानपत्र वाचत असे. मला तो प्रश्न हिने कधी विचारला नाही. "तुमचं तोंडच सांगतं," म्हणायची.

बुधवार, ६ मार्च

पहिले सॉफ्टवेअर पाहिले. काम पूर्ण झाले की पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात. कार्यालयास शोभत नाही. त्याने ईमेलमधील सर्व पत्ते आपण होऊन आत घेतले. सदस्यांत हिचाही फोटो आला — मुलीच्या घरी गच्चीवर काढलेला, केस वाऱ्याने उडालेले. खाली सूचना: "या सदस्याने आमंत्रण अद्याप स्वीकारलेले नाही. पुन्हा आठवण करायची?"

संगणक बंद केला. अभिप्राय लिहिला — रंगसंगती भडक, सबब अयोग्य.

शनिवार, ९ मार्च

दुसरे कामास लावले. अक्षरे फार बारीक.

मंगळवार, १२ मार्च

व्हायचे ते झाले. नव्या इस्पितळात छताला टांगायचा दुहेरी फलक होता. पुढील बाजूस बाण डावीकडे असेल, तर मागील बाजूस तो उजवीकडेच हवा. आमच्या धंद्यातील हा पहिला धडा! दोन्हीकडे डावाच छापला गेला. मागून येणारे रुग्ण एक्स-रे काढायला म्हणून थेट धोबीखान्यात पोहोचले.

फलक बसवणारा आमचा शिडीवाला समोर उभा राहिला. "सर, तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं होतं. हिरवं दिसलं, टांगलं. ताईंनी फोनवरच पकडलं असतं. 'मागून बघितलंस का रे, शहाण्या?' म्हणाल्या असत्या."

आमची डिझायनर — हिने तिचे नाव चिमणी ठेवले होते, कारण तिची चिवचिव थांबत नसे — आराखडा हातात घेऊन पुढे आली. म्हणाली, "मला शंका आली होती, सर. पण विचारू कुणाला? तुम्ही दार लावून बसता."

मी सर्वांसमोर म्हणालो की शिस्त हवी. मग आत येऊन दार लावले.

शुक्रवार, १५ मार्च

ज्या इस्पितळात ही गेली, तेथील फलकही आमचेच. अतिदक्षता विभागाकडे जाताना मला एकही वाचावा लागला नाही. त्या दिवशी बाहेर पडताना मात्र रस्ता चुकलो. नकाशा मी स्वतः तपासलेला! एका परिचारिकेने हाताला धरून दारापर्यंत आणून सोडले. हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

रविवार, १७ मार्च

मुलीचा फोन. चिमणीने तिला सारे कळवलेले दिसते.

"बाबा, एकाचे रंग भडक, दुसऱ्याची अक्षरं बारीक. आता तिसऱ्याचं काय नाक नकटं म्हणणार?"

मी म्हणालो, विचारपूर्वक निर्णय घेतो आहे.

"तुम्ही त्यात आईला शोधताय, बाबा. ती नाही सापडायची तिथे. आणि चिमणी दुसरी नोकरी बघतेय, तेवढं लक्षात ठेवा."

आवाज नीट येत नाही असे सांगून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

बुधवार, २० मार्च

तिसरे पाहिले. साधे आहे. कपटे नाहीत, अक्षरे ठीक. एक सोय आढळली: रोज सकाळी प्रत्येक सदस्यास एक ठरावीक प्रश्न पाठवता येतो. "आपला प्रश्न येथे लिहा."

मी लिहिले — "आज आपणास कोणत्या कामात अडचण आहे?" वाचले. पुसले. हिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. चष्मा दोनदा काढून ठेवावा लागला, ते पडद्याला दिसत नाही ही त्याची आणखी एक सोय!

हेच घ्यावे असे कार्यालयास कळवले.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी ओट्याशी उभा असताना माझाच फोन वाजला. पडद्यावर — "आज काय अडलंय?"

मीही सदस्य आहे हे ध्यानातच आले नव्हते. आधणाचे पाणी आटेपर्यंत तसाच उभा राहिलो. मग एकच शब्द लिहिला — "मीच." आणि पाठवला.

प्रत्येकाचे उत्तर सर्वांना दिसते, हे माहितीपुस्तिकेत मी वाचले नव्हते. आज कार्यालयात जाणे शक्य नाही.

गुरुवार, दुपारी

दाराची घंटा. बाहेर खांद्यावर शिडी घेतलेला शिडीवाला, त्याच्यामागे चिमणी.

"सर, अडलंय ना?" चिमणी म्हणाली. "मग सरका बाजूला, आत येऊ द्या."