जनरलसाहेबांनी खाली ठेवलेली कॉफी

प्रिय थनवाताई,

फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या फोनला दोन्ही देशांचे कान लागलेले. त्यांची फुकट करमणूक कशाला करा? तुमचे जनरलसाहेब आज परत निघालेत, त्यांच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय. खजूर दिले की तो तोंड बंद ठेवतो म्हणे.

तर इकडची खबर. तुमच्या सरकारने ज्यांच्याशी दोस्ती केली म्हणून तीन वर्षांपूर्वी सीमेच्या नाक्याचं फाटक बंद झालं, त्यांच्याशी आता आमची गळामिठी चाललीय आणि तुमचं फाटलंय. कोण कुणाचा मित्र, हे सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय मला सांगता येत नाही. त्यात वाळवंटावरून कुणाची तरी चोरटी विमानं उडायला लागली आणि दोघांनाही शेजारी आठवला. सीमेवर एकत्र पहारा ठेवायचा करार ठरला, त्यातच फाटक उघडायचं कलम. मला पहाऱ्याशी काय करायचंय, मला त्या कलमाशी मतलब. पुढच्या महिन्यात शहलाचं लग्न, आणि पोरगी हटून बसलीय की मावशीने मेंदी लावल्याशिवाय निकाहाला बसणार नाही.

बैठकीचे यजमान आमच्या बाजूचे ब्रिगेडियर, म्हणजे माझे नवरोबाच. सत्तामने कचेरी सोडून बैठक बकरीच्या केसांच्या तंबूत ठेवली, म्हणे शेजाऱ्याशी काय टेबल मांडून बोलायचं! कॉफी फिरली. जनरलसाहेबांनी पेला घेतला आणि न पिता गालिच्यावर ठेवला. आपल्या माणसाला याचा एकच अर्थ ठाऊक: पाहुणा काही मागायला आलाय, शब्द मिळेपर्यंत पिणार नाही. सत्तामची छाती फुगली. म्हणाला, "प्या साहेब, मागाल ते दिलं!" बिचाऱ्या जनरलला मागायचं काहीच नव्हतं. शहरात वाढलेला माणूस, पित्ताने हैराण, डॉक्टरने कॉफी बंद केलेली. आणि तो डॉक्टर कोण, तर आमचे दाजी!

मग तुमचे अधिकारी जनरलच्या कानाला लागले, टेकडी मागा, रडार मागा. आमचे सचिव पांढरेफटक पडले. जनरलने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "थोडं ताक मिळेल का हो?" सचिव त्याचा मुकाच घ्यायचे बाकी होते. पडद्यामागे मी हसून लोळले, पण सत्ताम ताडकन उठला. "भर बैठकीत शब्द दिला, आणि माझ्या शब्दाची किंमत ताक? ताक मी वाटसरूलाही न मागता देतो. शोभेल असं काही मागा, मगच सही करीन." जनरल म्हणे, राजधानीचा हुकूम आहे, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. इतकी वर्षं तसूभर द्यायचं नाही म्हणून भांडले, आता हा म्हणतो घे आणि तो म्हणतो नको. करार तसाच पडलाय. सचिव हात जोडून गेले, आमचा गडी ढिम्म. भातसुद्धा रागारागाने खातो. शहला रडते, आणि तिला समजावता समजावता मीही रडायला लागते.

म्हणून लिहितेय. पुढच्या आठवड्यात जनरल पुन्हा येणार आहेत. दाजींना सांग, त्यांच्या सांगण्यावरून जो माणूस कॉफी सोडतो, तो त्यांच्या सांगण्यावरून मागेलसुद्धा. टेकडी नको, रडार नको. एवढंच म्हणावं, "माझ्या डॉक्टरच्या बायकोला भाचीच्या लग्नाला येऊ द्या, फाटक उघडा." सत्तामला याहून मोठं काही देता येणार नाही, आणि तुमच्या राजधानीला यात उपकार दिसायचे नाहीत, बायकांच्या मेंदीला तिथे कोण विचारतंय! ताई, मला तुझी फार आठवण येते गं. या दोन देशांनी एकमेकांकडे काय काय मागून पाहिलं, पण तुला कुणी मागितलंच नाही. मी मागतेय.

फाटकाच्या अलीकडून, तुझीच हट्टी
वदहा