तंबूतून जिन्यावर

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला रोपं वाढवायचा तंबू पोचून पंधरवडा झाला आणि पत्राला आज मुहूर्त लागतोय, तेव्हा आधी रागावून घे आणि मग पुढे वाच. तंबू म्हणजे खुंट्या ठोकाव्या लागणार असं मला वाटलं होतं. तुझ्या मामीला खोका पाहून वाटलं, तिच्या कापडांसाठी कपाट आलं. उघडल्यावर दोघांचाही विरस झाला. बाहेरून काळा, आतून आरशासारखा चकचकीत, पुढे खालपासून वरपर्यंत झिप. आत डोकं घातलं की चहूबाजूंनी मीच मला दिसतो. तुझी मामी म्हणाली, एक होता तेवढा पुरे होता.

तिचं शिलाई मशीन आता बैठकीत आलंय आणि मागची खोली माझ्या ताब्यात. टोमॅटो, वांगी आणि ढोबळी मिरची पेरली. सगळी उगवून आलीत. आत दिवा, खाली ऊब, आणि वाफेचं यंत्र मी दिवसभर चालूच ठेवतो. दमटपणा दाखवणारा काटा नव्वदच्या पुढे असतो. आत हात घातला तर कोपरापर्यंत ओला होतो. कोंब वर येताच खताचं पाणीही सुरू केलंय. कोवळी पोरं आहेत, पोटभर मिळायला नको का?

माझी तब्येत उत्तम. छातीवरची ऑपरेशनची शिवण तुझ्या मामीलासुद्धा पसंत पडली आहे, म्हणजे बघ. डॉक्टरांनी सांगितलं तितकं चालणं रोज होतं. तेव्हा फोन करून ‘मामा, कसं वाटतंय’ विचारत जाऊ नकोस. तू फोनवर माझं बोलणं ऐकत नाहीस, श्वास मोजतेस. मला कळतं. पत्रात श्वास ऐकू येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

लोभ आहेच तुझा, तो असाच पार्सलने येत राहो.
तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझ्यावर नाही, त्या रोपांसाठी रडू आलं. अरे मामा, तू रोपं वाढवतोयस की शिजवतोयस? माझ्या दवाखान्याशेजारी एक रोपवाटिकावाली आहे. मी व्यायाम देऊन तिचा खांदा बरा केला, तेव्हापासून ती माझे सगळे प्रश्न फुकटात ऐकते. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ‘नव्वद’ या शब्दाला तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. (खांदा छान वर जातो तिचा आता.)

तिचं म्हणणं असं. कोंबांना ओलावा हवा, कारण मुळं एवढीशी असतात आणि पानं हवेतूनच तहान भागवतात. पण काटा सत्तरच्या आसपास पुरे. तंबूच्या भिंतींवरून थेंब ओघळायला लागले की ते सुख नव्हे, रोगाला आवतण. वरच्या झडपा उघड, एक छोटा पंखा लाव आणि त्याचं तोंड भिंतीकडे कर, म्हणजे पानं नुसती हलतील. पाणी वरून ओतू नकोस. ट्रेमध्ये खाली थोडं घाल, माती स्वतः वर ओढून घेईल, आणि उरलेलं काढून टाक. वरची माती कोरडी दिसली की मगच पुन्हा.

आणि खत बंद! पहिली जी गुळगुळीत दोन पानं येतात त्यांच्यात त्यांची शिदोरी असते. खरी, कातरलेली पानं आल्याशिवाय काही द्यायचं नाही, आणि दिलं तरी डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव भाग. जास्त झालं की मुळं करपतात. म्हणजे मीठ तुझ्याप्रमाणे त्यांनाही वर्ज्य. घरात आता पथ्यवाले पुष्कळ झाले, तुला सोबत मिळाली.

चालायला कुठल्या बाजूने जातोस? सलूनसमोरचा रस्ता खणला होता, तो अजून तसाच आहे का? तिथे जपून.

तुझा लोभ असाच असू दे, फक्त रोपांवर जरा कमी कर.
तुझी,
भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी झिप उघडली, तर अर्धा ट्रे आडवा. काल उभी होती ती रोपं आज मातीशी कंबर बारीक होऊन लोळत होती. पानं मात्र हिरवीगार, जणू त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. तुझ्या रोपवाटिकावालीला विचारायची गरज नाही, अशी आडवी झालेली रोपं जगत नाहीत हे मला माहीत आहे. उपटून, मातीसकट पिशवीत बांधून टाकली. वांगी जवळजवळ सगळी गेली. तुझ्या मामीने त्या दिवशी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळख.

आता तुमच्या दोघींच्या हुकमाप्रमाणे चाललंय. पंखा बसवला. झडपांना तुझ्या मामीने जाळीचं कापड शिवून दिलं. काटा सत्तरला आणून ठेवलाय. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, केबिन मजल्याशी अगदी बोटभरसुद्धा खालीवर थांबू दिली नाही, आणि इथे एका काट्यापुढे तासन्‌तास हात जोडून बसतो. (त्याच जन्मात बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो.) खत बंद आहे. आधी दिलेल्याचा पांढरा पापुद्रा मातीवर आला होता, तो खरवडून काढला आणि साध्या पाण्याने माती धुऊन घेतली.

रस्त्याचं म्हणशील तर हो, खणलेलाच आहे अजून. धूळ फार. सलूनवाला दोस्त घरी येऊन केस कापून गेला. आपल्या सामाईक बागेच्या मंडळाचा निरोपही त्याच्याचजवळ होता. यंदा तिथला माझा वाफा मी लावणार नसलो तर दुसऱ्या कुणाला द्यायचा म्हणतात. मी म्हटलं, देऊन टाका. आता या वयात कुठे वाकत बसायचं.

कळावे. लोभ उरला असेल तर पाठव.
मामा


१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. ठीक आहेत, हीच अडचण आहे.

रस्ता गेल्या महिन्यातच नीट झाला. यांना ते माहीत नाही, कारण दवाखान्यातून आल्यापासून हे खालीच उतरलेले नाहीत. रोजचं चालणं म्हणजे पलंगापासून तंबूपर्यंत. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा निघाले होते. जिन्याच्या खालच्या वळणापर्यंत गेले, आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मी वरून बघत होते. परत आले, चपलांच्या फळीवर बसले, आणि म्हणाले की किल्ली विसरलो होतो. किल्ली हातात होती.

डॉक्टर म्हणतात हृदय छान आहे, हवं तितकं चाला. यांना ते पटतं, पायांना पटत नाही. मी ओरडून पाहिलं नाही, कारण मी ओरडले की यांना न जायला एक कारण मिळतं. वाफा देऊन टाका म्हणाले त्या दिवशी जेवले नाहीत. एवढी वर्षं सगळ्या बागेला टोमॅटोची रोपं यांच्याकडून जातात, आणि यंदा तो सलूनवाला बिचारा दारात उभा राहून विचारत होता तर हे झडपेची जाळी तपासत राहिले.

तू काहीतरी कर. आणि मी लिहिलं हे सांगू नकोस.

ब्लाउजचं माप पाठव, मागचं सैल झालं म्हणाली होतीस.
मामी


९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

वांगी गेली याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं, चिडवत नाहीये. पण टोमॅटो आणि मिरची तगली ना? मग आता पुढचं ऐक, रोपवाटिकावालीने खास तुझ्यासाठी सांगितलंय. ती तुला आता ‘नव्वदवाले मामा’ म्हणते.

खरी पानं आली असतील तर खताचं पाव मापाचं पाणी सुरू कर, एक पाळी खताची, एक साध्या पाण्याची. पानांची टोकं तपकिरी झाली तर जास्त झालं, खालची पानं पिवळी पडली तर कमी पडलं. दमटपणा हळूहळू पन्नासपर्यंत उतरव. आधी झिप थोडी उघडी, मग अर्धी, मग दिवसभर पूर्ण. पंखा जरा जोरात. वारा लागला की खोडं जाड होतात.

आणि मग त्यांना बाहेर न्यायचं. एकदम नाही. तंबूतलं रोप थेट उन्हात ठेवलं तर पानं भाजून पांढरी पडतात. पहिल्या दिवशी थोडा वेळ सावलीत, मग जरा जास्त, असं करत करत. आणि कुणीतरी जवळ बसायला हवं, कारण वारा उलटवतो आणि कबुतरं खुडतात. मामीचे गुडघे मी तपासलेत, तिला ट्रे घेऊन जिना चढू-उतरू द्यायची नाही, हा वैद्यकीय सल्ला समज. सलूनवाल्या काकांना द्यावीत तर ते रोपांचीही हजामत करतील. तेव्हा कोण नेणार, ते तुझं तू बघ.

आणखी एक साधी शंका. वाफा देऊन टाकलास, तर ही एवढी पोरं वाढवून लावणार कुठे, मामीच्या मशीनवर?

लोभ करावा, आणि उत्तरही करावं.
तुझी,
भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, त्यातले थोडे दात-ओठ खाऊन.

तुझी मामी शिवते उत्तम, पण तोंड शिवणं तिला कधी जमलं नाही. ‘कोण नेणार ते तुझं तू बघ’ हे वाक्य वाचलं आणि मी पत्र घेऊन बैठकीत गेलो. ती मशीनवर मान खाली घालून एवढ्या जोरात पाय मारत होती की विचारायचीही गरज उरली नाही.

तर मग खरं लिहितो. आजारी पडलो तेव्हा मी जिन्यातच होतो, हे तुला माहीत आहे. ते दुखणं गेलं, पण ती जागा तिथेच राहिली. उतरायला लागलो की छातीत जरा धडधडतं, आणि धडधड चढउताराने होते की त्याचीच पुन्हा सुरुवात आहे, हे आतल्या माणसाला कळत नाही गं. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना मी बाहेरून ओरडून सांगायचो, दोर तुटत नाही, घाबरू नका, जागेवर थांबा. ते आतून का किंचाळायचे ते आता समजलं.

तुझं पत्र तीन-चार दिवस खिशात ठेवून फिरलो. म्हणजे पलंग ते तंबू. मग एक दिवस झिप उघडली तर टोमॅटो दिव्याला टेकलेले. तुझ्या मामीला म्हटलं, जरा वारा दाखवून आणतो. ती दार उघडून उभी राहिली. ट्रे घेऊन मी खालच्या वळणावर गेलो, तिथल्या खिडकीत ट्रे ठेवला आणि पायरीवर बसलो. धडधडलं. कपाळाला घाम आला. उठून पळावंसं वाटलं, पण ट्रे सोडून कसा पळणार? म्हणून बसून राहिलो. थोड्या वेळाने ते आपोआप निवळलं. समोर पानं हलत होती, तीच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. त्यानंतर एक मजला आणखी खाली. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जाता-येता खालून हाक मारून विचारायच्या, की आज कुठपर्यंत. एकदा त्यांनी मला बसायला पाट आणून दिला. मधे एक दिवस अजिबात जमलं नाही, दारातूनच परत फिरलो, तेही लिहून टाकतो. पण गेल्या सोमवारी ट्रे अंगणात भिंतीच्या सावलीला टेकवला आणि शेजारी मी टेकलो. सलूनवाला गिऱ्हाईक साबण लावलेलं सोडून धावत आला. म्हणाला की रोपं यंदा किरकोळ दिसतात. मी म्हटलं, तुझ्या वाफ्यात गेल्या वर्षी जी झाडं होती त्यांच्यापेक्षा ही आत्ताच उंच आहेत. मग तो रडला, आणि मी कबुतरं हाकलली.

वाफा अजून कुणाला दिलेला नव्हता. त्याने निरोप पोचवलाच नव्हता म्हणे. विसरलो, म्हणतो. आम्ही दोघंही खोटं चांगलं बोलतो.

रोपांचं सांगायचं तर पानं काळपट हिरवी झालीत, खोडं पेन्सिलीएवढी. काटा मी आता बघतही नाही.

तुझ्यावर राग आहे, लोभही आहे. दोन्ही पत्रासोबत पाठवतो, हवं ते ठेवून घे.
मामा


२६ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्याच दारासमोर पायरीवर बसून लिहितेय. कामासाठी एक दिवस इकडे यायचं निघालं. म्हटलं, न सांगता जाऊ आणि मामाला चकित करू. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मग दार ठोठावलं. कुणी नाही. फोन आत वाजतोय तो मला बाहेर ऐकू येतो.

मामा, क्षणभर नको नको ते मनात आलं. रोज दहा माणसांना ‘घाबरू नका, चाला’ सांगणारी मी, आणि पाच मिनिटं मला पायरीवरून उठता आलं नाही. तू काय लिहिलं होतंस ते तेव्हा नीट कळलं. आधी मी ते फक्त वाचलं होतं.

मग खालून एक बाई वर आल्या, पाट हातात घेऊन. तुझ्या शिक्षिकाबाईच असाव्यात. म्हणाल्या, अहो, ते दोघं सकाळपासून बागेत आहेत, आज लावणी आहे ना. जेवायलाही आलेले नाहीत. मामा तर दोन वेळा वर-खाली झाले, एकदा खुरपं राहिलं म्हणून आणि एकदा उगीचच. मला बसायला पाट देऊन त्या गेल्या.

आता ही चिठ्ठी दाराखालून सरकवते आणि बागेकडे येते. म्हणजे मी तुला आधी भेटेन आणि चिठ्ठी नंतर. पण समोर आलास की आपण दोघं नुसतं भांडणार. रोप किती खोल लावायचं यावरून मी तुला शिकवीन, तू माझा श्वास मोजशील, मामी दोघांना गप्प करील, आणि हे सांगायचं राहून जाईल. म्हणून लिहून ठेवते.

तू घरी नाहीस. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, तरी तू घरी नाहीस. आजवर तुझ्या दारात आले आणि तू दार उघडलंस, त्या सगळ्या वेळांपेक्षा मला आज जास्त आनंद झाला.

लोभ आहे, तो घेऊन खाली उतरते.
तुझी,
भिंगरी