रबराच्या पट्टीवरचा शेंदूर

बाबा, सिंधीपुऱ्यातल्या तुमच्या दुकानात हल्ली मी बसते आणि करवत मीच चालवते. तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. खंडेनवमीला तुम्ही हत्यारं पाटावर मांडायचात आणि त्यांना कुंकू लावायला मलाच बसवायचात. एकदा मी रंधा नुसता उचलला, तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "भुसा झाडायला नाही घातलं तुला कॉन्व्हेंटात." म्हणजे हत्यार पुजायला मुलगी चालते, चालवायला नाही. नन्सनी मला पुष्कळ शिकवलं, पण हे तर्कशास्त्र त्यांनाही जमलं नसतं.

तुमच्यामागे धाकट्या भावाने काही वर्षं दुकान चालवलं, मग कुलूप लावलं. मी शाळेतून निवृत्त झाले, सुतारकाम शिकले आणि चावी मागितली, तेव्हा तो केळ्याच्या वेफरवाल्याला गोदामासाठी जागा द्यायला निघाला होता. म्हणाला, दिवाळीपर्यंत एक काम निभावून दाखव, नाहीतर गोदाम. काम मिळालं दापोऱ्याच्या एका घरातलं कपाट, दारांना सागाचं व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. माझी करवत विजेची, ॲल्युमिनियमच्या रुळावरून सरकते. रुळाच्या कडेला रबराची पट्टी असते. नवी पट्टी पहिल्यांदा करवतच कापते, त्यामुळे पुढे पातं नेमकं तिच्या कडेने जातं. पट्टी पेन्सिलच्या रेघेवर ठेवायची की झालं. शिवाय ती व्हिनियर दाबून धरते, म्हणून ते उचकटत नाही.

यंदा खंडेनवमीला माझ्याआधी धाकटा दुकानात आला आणि भक्तिभावाने रुळाला तेलात कालवलेला शेंदूर लावून गेला, थेट पट्टीवर, ओळीने ठिपके. मी पुसला, पण तेल खाली मुरलं होतं. दसऱ्यानंतर टाकाऊ तुकड्यावर करवत फिरवली, तर पट्टी फुगून जागोजाग सुटलेली आणि सागाची कड दातेरी झालेली. मी त्याला बोलावून दाखवलं. तो म्हणतो, पूजेने कधी कुणाचं बिघडतं का. म्हटलं, देवाचं नाही, रबराचं बिघडतं.

जुनी पट्टी सोलली, स्पिरिटने सगळा गोंद काढला, रूळ कोरडा होऊ दिला. नवी पट्टी न ताणता चिकटवायची. ताणली तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आखडते आणि टोकं उघडी पडतात. दोन्हीकडे थोडी जास्त सोडली, खाली टाकाऊ प्लाय घेतला आणि करवत एका दमात सावकाश नेली. धाकटा स्टुलावर बसून बघत होता. "ताई, करवत चालवतेस का जावळ काढतेस?" मग खरं दार घेतलं.

कापून झाल्यावर त्याने कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"बाबांचा हात आलाय तुझ्यात."

"त्यांनी हात लावू दिला असता तर आला असता. हा माझा आहे."

तो हसला. "बरं बाई, तुझा. वेफरवाल्याला मना करून टाकतो."

हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. दुकान मला हवंच होतं असं नाही, तुम्हाला हरवायचं होतं. ते झालं. आता उद्या सकाळी शटर उचलायचंय आणि माझे गुडघे दुखतायत.