आई आत असताना

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक म्हणायचं. कारखान्यात मला आता कॉलर शिवायला बसवलंय, संध्याकाळपर्यंत मान धरते.

तू अगदी शेवटी, लाजत लाजत लिहिलंस की सकाळी तास तास बसूनही पोट साफ होत नाही. लाजतेस काय माझ्याजवळ! माझंही तेच होतं. पावडरी झाल्या, सिरप झालं, एनिमा झाला. शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "खालचे स्नायू सैल सोडायच्या वेळी तुम्ही उलट आवळता." औषधाने शौच मऊ होते, पण वाट मोकळी होत नाही, म्हणाल्या. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू ढिले पडतात, पण काही महिन्यांत त्याचा असर उतरतो. म्हणून आधी बायोफीडबॅक. आत बारीकसा सेन्सर ठेवतात, स्नायू आवळले की समोर पडद्यावरची रेघ वर चढते, ती खाली आणायला शिकायचं. पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिजिओबाई मात्र गुणी. "जोर नको, सोडा," एवढंच म्हणत राहते. चौथ्या खेपेला रेघ खाली आली आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, आनंदाने.

ताई, आईलाही हेच असणार गं. आणि आपण हसायचो, "महाराणी सिंहासनावर बसल्या" म्हणून.

आई झोपेत गेली, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

त्या सकाळी ती आत होती. मला कारखान्यातल्या पाळीला उशीर होत होता. मी दारावर लाथ मारली. "नाटकं पुरे झाली तुझी!" आतून दमलेला आवाज आला, "झालंच गं बाळा." मी तशीच तणतणत निघून गेले. दुपारी जेवायला आले, तर दार बंदच. शेजारच्या सुतारकाकांनी कडी तोडली. तू यायच्या आत काकूंनी आणि मी तिला धुऊन पुसून पलंगावर निजवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कुंथण्याचा ताण आला असेल, नसेलही. त्या 'नसेलही'वर मी सात वर्षं काढली.

तू तपासून घे. नुसत्या पावडरींवर दिवस ढकलू नकोस. मला शिव्या घाल, पण डॉक्टरकडे जा.

अजून तुझी असले तर,
तुझीच धाकटी