माझ्या टाचेच्या भेगा तीन मजली झाल्या त्याची हकीकत

चि. धाकटीस थोरलीचा भरभरून आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, कुरकुरतात पण सोडून जात नाहीत (हल्ली एवढंही कोण करतं). तुझ्या ह्यांना नमस्कार. अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घे, पण खालचं ता. क. तू एकटीनेच वाच.

आमच्या गल्लीला चांगले दिवस आलेत गं. इतके चांगले, की आम्हाला ते परवडेनात. इस्त्रीवाल्याच्या जागी कॉफीचं दुकान झालं. नव्या लोकांना जुन्याची भारी माया, म्हणून इस्त्रीवाल्याची पाटी तशीच ठेवली. इस्त्रीवाल्याला तेवढं घालवलं. आता त्या पाटीखाली चुरगळलेले कपडे घातलेली माणसं बसतात. आमचा घरमालकसुद्धा परवा मायेने म्हणाला, "आजी, एवढ्या मोठ्या खोलीत एकटीला करमतं का हो?" (खोली एवढी मोठी, की पाय पसरले तर दाराबाहेर जातात.)

तर या सगळ्यावर आपल्या नातीने कला काढली आहे. प्रयोगाची आहे म्हणे, म्हणजे कुणाला कळली नाही तरी चालते. एका फोटोवर दुसरा, त्यावर तिसरा, सगळे अर्धेमुर्धे दिसणारे, जशा दोरीवर ओल्या चादरी एकीवर एक टाकाव्यात. आणि मग ते यंत्राने सिनेमासारखे आमच्याच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर पाडायचे, म्हणजे इथे कोण कोण राहून गेलं ते गल्लीला दिसेल आणि मालकाला लाज वाटेल. (मालकाला! पोरगी भोळी आहे, माझ्यावर गेली.) त्यासाठी तिला माझ्या पलंगामागची भिंत हवी होती. "आजी, शनिवारी फोटो काढते," एवढंच बोलली.

आता तूच सांग, घरातली भिंत चारचौघांत दाखवायची आणि ती खपल्या पडलेली? मी रंगाऱ्याला बोलावलं आणि पांढऱ्याचे दोन हात मारून घेतले. कशी चकचकीत झाली! शनिवारी पोरगी आली, भिंत पाहिली आणि मटकन खाली बसली. तिला त्या खपल्याच हव्या होत्या. वरचा निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली तुझ्या भावजींनी लग्नाच्या वर्षी लावलेला हिरवा. "आजी, सगळे थर घालवलेस गं," म्हणाली. हिरवा गेला हे तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मग मीही तिच्याशेजारी बसले.

पाण्याचा पेला पुढे केला तर ती एकदम ओरडली, "थांब, हात हलवू नकोस!" आणि माझ्या हाताचेच फोटो काढत सुटली. मग कोपर, मग मान, जाता जाता चेहरा, मग टाचा. टेक्श्चर छान आहे म्हणाली. आयुष्यभर चेहऱ्याचं कौतुक कुणी केलं नाही, आता टाचांचं झालं. मिळेल ते घ्यावं.

दिवे लागले तसा खेळ सुरू झाला. माझ्या भेगा तीन मजले चढल्या. त्यावर इस्त्रीवाल्याचं दार, त्यावर माझा चेहरा, आणि डोळ्याच्या जागी नेमकी माझीच खिडकी! मी खिडकीत उभी राहून हात हलवला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कॉफीवाले रडले. मालक तर रुमाल काढून रडला.

आणि सकाळी दारात हजर. "आजी, काय इतिहास आहे हो तुमच्या खोलीला! म्हणूनच कॉफीवाल्यांना देतोय. पण तुमचा चेहरा दारावर मोठ्ठा लावायचा, कधी काढायचा नाही, असं मी त्यांना बजावलंय."

मी विचारलं, "चेहरा दारावर. मग मला कुठे लावणार?"

अजून विचार करतोय बिचारा.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझी थोरली

ता. क. काळजी असावी. मी दूध आणायला खाली उतरले, की तो कुलूप बदलेल. खोलीत सतत कुणीतरी हवं. पहिल्या गाडीने ये आणि राहायलाच ये.

आणखी एक. तू ते सुरकुत्यांचं क्रीम लावतेस ना, ते आजपासून बंद कर. पोरीला तुझाही चेहरा लागणार आहे. पुढचा खेळ मालकाच्या बंगल्यावर आहे. त्याने कालच बाहेरून पांढरा रंग लावून घेतला. मी म्हटलं ना, चारचौघांत भिंत कशी स्वच्छ हवी!